चोख वेळ

आमच्या गल्लीत दुपारी तीन वाजता येऊन बघा. कोपऱ्यावरचे ओगले बासरी वाजवत असतात. त्यांच्या वरच्या मजल्यावर एक बाई व्हायोलिनचा जीव घेत असते, आणि आमच्या घरात माझा नवरा अभिनंदन मातीचे पेले घडवत असतो. तीन वर्षांत त्यानं पन्नासेक पेले केले, त्यातला एक सरळ असेल तर शपथ. चहा ओतला की तो एकीकडे धाव घेतो. ओगल्यांची बासरी सुरू झाली की गल्लीतली कुत्री उठून पलीकडच्या बोळात जाऊन बसतात.

म्हणजे बघा, सगळ्यांना छंदाला वेळ आहे. उदंड वेळ आहे. आणि कुणालाच काही धड येत नाही.

हसू नका, मीही त्यातलीच होते. आणि याचं कारण आमच्या कपाळावर बांधलेलं होतं.

मेंदूच्या देठाशी निळसर पेशींचा एक पुंजका असतो, मसुराच्या दाण्याहूनही लहान. तो एका ठरावीक चालीनं काम करत असला की माणूस तल्लख असतो. चाल मंदावली की पेंग येते, फार वाढली की नुसती धावपळ होते, हाती काही लागत नाही. शास्त्रज्ञांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं, पण इतक्या खोल दडलेल्या पुंजक्याची चाल बाहेरून मोजायची कशी? मग कुणीतरी सिद्ध केलं की डोळ्याची बाहुली त्याच चालीनं बारीक थरथरते. झालं! कपाळाला एक पट्टी, पट्टीला भुवईजवळ तिळाएवढा कॅमेरा, आणि मधोमध एक दिवा. तल्लख असाल तर हिरवा, बरे असाल तर पिवळा, आणि नुसतेच जागे असाल तर विटकरी.

मोजमाप सुरू झाल्यावर जे कळलं त्यानं कंपन्यांचे डोळे पांढरे झाले. बहुतेक माणसं दिवसाचे जेमतेम अडीच तास हिरवी असतात. खरं काम होतं ते त्या अडीच तासांत. बाकीचा दिवस आपण ऑफिसात पाट्या टाकत असतो. मग कंपन्यांनी सरळ हिशेब केला: तुमची चोख वेळ आम्हाला द्या, उरलेला दिवस तुमचा. पगार पूर्ण. वर छंद भत्ता. गाणं शिका, डोंगर चढा, पेले करा.

लोकांनी पेढे वाटले हो! मीही वाटले.

मी केतकी मगदूम. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मिरजेत घरी बसून छातीचे एक्स-रे तपासते. आधी ते यंत्र तपासतं, आणि जिथं यंत्राला शंका येते ती चित्रं माझ्यासमोर येतात. माझी चोख वेळ सकाळी सहा दहा ते आठ चाळीस. सुरुवातीला काही कंपन्यांनी माणसांना झोपेतसुद्धा पट्ट्या बांधून ठेवायला लावल्या, तेव्हा बोंबाबोंब झाली आणि कायदा आला: सकाळी सहाच्या आधी पट्टी लावायची नाही. माझी वेळ सहा दहाची, त्यामुळे मला त्या कायद्याचं काही देणंघेणं नव्हतं. तेव्हा तरी.

ही नोकरी मी एकाच गोष्टीसाठी धरली होती. मला जवारी शिकायची होती.

तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हाडाची एक घोडी असते. तारा तिच्यावरून जातात. घोडीची पाठ कानशीनं इतकी हलकी उतरती करायची की कंप पावणारी तार तिला चाटत जावी. तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक दोरा सरकवायचा. सगळं जमलं की एका तारेतून अनेक सूर उमलतात. खर्जाची तार छेडली, तर कुणी न वाजवलेला गंधार त्यातून आपसूक ऐकू येतो. घोडीची ती घडण म्हणजे जवारी. लहानपणी शाळेच्या वाटेवर मी तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानाबाहेर उभी राहून ते ऐकत असे आणि रोज छड्या खात असे.

दस्तगीरचाचांनी मला शिष्य म्हणून घेतलं तेव्हा ते पंच्याहत्तरीचे होते. त्यांची मुलं लेसरनं घोड्या कापायच्या कारखान्यात. तिथले तंबोरे चांगलेच असतात, पण सगळे एकाच आवाजात बोलतात. चाचांना ते आवडत नसे. "दहा बायकांना एकच आवाज दिला तर घरात कळेल का कोण हाक मारतंय?" असं म्हणायचे.

शिकायला लागून दोन वर्षं झाली आणि चाचांच्या कानांच्या नसा वाळायला लागल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दिवाळीपर्यंत दोन्ही कान जातील. यंत्राचा कान बसवता येईल, त्यानं माणसांचं बोलणं कळेल, पण जवारी कळणार नाही. त्या वेळी चाचांसमोर एकच तंबोरा अर्धवट होता. भोपळा भीमाकाठचा, आठ वर्षं माळ्यावर वाळवलेला. त्यांनी ठरवलं होतं की हा शेवटचा, आणि याची जवारी मी काढायची, त्यांच्या कानादेखत.

"तू चुकलीस तर मी सांगेन," ते म्हणाले. "जोवर ऐकू येतंय तोवर."

गणपती उठले तोवर मी दोन घोड्या वाया घालवल्या होत्या. मग एका दुपारी तिसरी गेली. तार बोलायला लागली होती, गंधार अगदी दाराशी आला होता. आणखी एक हात मारला की झालं, असं वाटून मी मारला. आवाज एकदम पत्र्यासारखा झाला. हाड एकदा घासलं की परत येत नाही.

चाचांनी घोडी हातात घेतली आणि तिच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"पोरी, सकाळी किती वाजता उठतेस?"

"साडेपाचला."

"मग?"

"मग काम, नऊपर्यंत. मग डबा, नेत्राची शाळा, घरातलं. आणि मग इथं."

"मी जवारीला अनशापोटी बसायचो," चाचा म्हणाले. "फजरची नमाज झाली की, बाजार जागा व्हायच्या आत. माझ्या अब्बांनीही तेच केलं. तू दुपारी जेवून येतेस."

"दुपारीच वेळ मिळतो, चाचा. आख्खी दुपार मिळते, ते काय कमी आहे?"

"आख्खी मिळते," ते म्हणाले. "पण उरलेली मिळते. तू मला उरलंसुरलं आणतेस, पोरी."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. इतकी वर्षं ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, मी येतेय, आणि हा म्हातारा मला उरलंसुरलं म्हणतो! तरातरा घरी आले. अभिनंदननं वाकड्या पेल्यातून चहा पुढे केला, तर तो माझ्या साडीवर सांडला. मी त्याच्यावरही ओरडले.

"मला काय ओरडतेस?" तो म्हणाला. "मी धरणाच्या पाण्याचे आकडे बघतो ते हिरवा असताना. चाकावर बसतो तेव्हा विटकरी असतो. विटकरी माणसाचे पेले असेच व्हायचे."

किती सहज म्हणाला! त्याला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. फक्त बोलत कुणी नव्हतं.

मी एक उपाय आधी करून पाहिला होता, तोही सांगून टाकते. शरीराचं घड्याळ उजेडानं आणि जेवणाच्या वेळेनं सरकवता येतं. रात्री उशिरापर्यंत मोठा दिवा लावून बसायचं, उशिरा झोपायचं. पंधरा दिवसांत माझी चोख वेळ दुपारकडे सरकलीसुद्धा. पण पट्टीला ते लगेच कळलं आणि कंपनीनं माझी पाळीच दुपारी केली. 'आम्ही तुमच्या सोयीनं चालतो,' असा हसऱ्या फुलाचा निरोपही पाठवला. मांजर पाठीमागे यावं तशी पट्टी माझ्या मागे आली. मुकाट्यानं पुन्हा सकाळवर आले.

त्या संध्याकाळी नेत्रा माझ्याजवळ येऊन बसली. माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. ती बोलण्याआधी माझ्या कपाळाकडे बघायची. पट्टी नसली तरी बघायची. सवयच लागली होती तिला.

"आई, मला तुला एक विचारायचंय. पण तू हिरवी असताना."

"हिरवी असताना मी कामात असते ना गं."

"म्हणूनच राहिलंय," ती म्हणाली. चिडून नाही, अगदी समजूतदारपणे. "जूनपासून राहिलंय."

"आत्ता विचार की!"

"नको. तू 'हं हं' म्हणशील आणि तुला कळणारच नाही."

चाचांनी सांगितलं तेव्हा राग आला होता. हिनं सांगितल्यावर रागवायला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या साहेबबाईंना फोन लावला. तन्वी बिनीवाले, पुण्यात बसतात, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पडद्यावर त्यांच्या कपाळावर हिरवा दिवा होता. म्हणजे मी त्यांच्या चोख वेळेत शिरले होते.

"मॅडम, मला तीन आठवड्यांच्या सकाळी हव्यात. दुपारी तुम्ही म्हणाल तितकं काम करते."

"दुपारी तुमच्या चुका चौपट होतात, केतकीताई. आकडे आहेत माझ्याकडे. मार्चमध्ये त्या कवठ्याच्या बाईंच्या फुप्फुसातला तांदळाएवढा डाग तुम्ही धरलात. सकाळी सातला. दुपारी धरला असता का?"

नसता धरला. कंपनी लबाड असती तर भांडणं सोपं होतं. माझे अडीच तास कुणाच्या तरी जिवावर बेतलेल्या चित्रांवर खर्च होत होते, हे मलाही कळत होतं. पण चाचांचे कान दिवाळीपर्यंतच होते, हेही तितकंच खरं होतं.

"बाकी सगळं लवचीक आहे आपल्याकडे," बिनीवाले मॅडम हळूच म्हणाल्या. "हीच एक गोष्ट नाही. सकाळची रजा फक्त जवळच्या नातलगाच्या शेवटच्या आजारात मिळते."

"मग ती द्या."

त्यांनी अर्ज उघडला. "नातं? वडील, आई, पती, अपत्य, सासरे, सासू…"

"गुरू."

"यादीत नाही."

"मग यादी चुकलीय, मॅडम."

"आणि ते मरत नाहीयेत ना?"

"त्यांचे कान मरतायत," मी म्हणाले, आणि मला एकदम रडू फुटलं. कामाच्या फोनवर रडायचं नाही असं मी मनाशी शंभरदा घोकलं होतं, तरी फुटलं.

बिनीवाले मॅडमनी नजर पुन्हा अर्जाकडे वळवली. मग त्यांनी काहीतरी टाइप केलं.

"मी 'वडील' लिहिलंय," त्या म्हणाल्या. "एकवीस सकाळी. तुमची चित्रं मी आणि नाशिकचे दोघं वाटून घेऊ. रोज पाऊण तास जास्त बसावं लागेल, बसू. मी नाचायचे, केतकीताई. बारा वर्षं शिकले. आता संध्याकाळी घुंगरू बांधते तेव्हा सम कुठं गेली तेच कळत नाही. तुम्ही जा."

एकवीस दिवस मी पहाटे साडेचारला उठले, काही न खाता चाचांच्या दुकानात जाऊन बसले. बाहेर बाजार झोपलेला, आत फक्त कानस, हाड आणि तार. पहिल्या दिवशीच फरक कळला. इतकी वर्षं मी ज्याला जवारी समजत होते तो तिचा पायरव होता फक्त. कानशीच्या एका हातानं आवाज किती हलतो ते मला ऐकू येत होतं, नव्हे, हात मारायच्या आधी कळत होतं. चाचा समोर भिंतीला टेकून बसायचे. "हं." "नाही." "दोरा मागं." "अंहं, थांब." एवढंच बोलायचे.

दहाव्या दिवशी त्यांनी मला जोडीची, मधल्या दोन षड्जांतली, तार पुन्हा छेडायला लावली. मग पुन्हा. मग म्हणाले, "माझ्यासाठी ही गेली."

सोळाव्या दिवशी पंचम गेला. अठराव्या दिवशी मी "चाचा" म्हणून हाक मारली तर त्यांनी मान वर केली नाही. डॉक्टरांचा अंदाज चुकला होता, दिवाळीला अजून दोन आठवडे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझा चेहरा वाचला आणि हातानं खूण केली: चालू दे.

एकविसाव्या सकाळी मी खर्जाच्या तारेवर होते. चाचांनी भोपळ्यावर दोन्ही तळवे ठेवले होते. त्यांना फक्त थरथर कळत होती. मी एक हात मारला, तार छेडली. गंधार आला. बारीक, लांबून, पण आला. मी श्वास धरून बसले.

आणि मग तोच मोह! आणखी एक हात, अगदी हलका, म्हणजे आणखी उमलेल. तिन्ही घोड्या मी याच मोहापायी घालवल्या होत्या. 'थांब' म्हणणारा माणूस समोरच होता, पण आता तो ते सांगू शकत नव्हता. कुणाला विचारणार? मी पुन्हा तार छेडली. नीट ऐकलं. शेवटपर्यंत, आवाज पार विरेपर्यंत ऐकलं.

मी कानस खाली ठेवली.

चाचांनी ते पाहिलं. त्यांनी भोपळ्याला गाल लावला आणि मला खूण केली. मी चारही तारा वाजवल्या, पुन्हा पुन्हा वाजवल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते. पाणी गालावरून भोपळ्यावर उतरत होतं आणि मी वाजवायची थांबत नव्हते.

"गंधार?" त्यांनी विचारलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते जरा मोठ्यानंच बोलले.

मी मान डोलावली.

"आणखी घासावंसं वाटलं?"

मी पुन्हा मान डोलावली.

"आणि ठेवलीस." त्यांनी कानस उचलली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या ओटीत ठेवली. "ही अब्बांची. आणि हा तंबोरा घेऊन जा. माझ्याकडे राहिला तर नुसतं लाकूड आहे."

रजा संपली. बाविसाव्या दिवशी मी सहाला पट्टी बांधली आणि कामाला बसले. साडेसातला बिनीवाले मॅडमचा फोन.

"केतकीताई, तुमचा दिवा पिवळा झाला. आज दीडच तास भरला. आजारी आहात का?"

मीच चक्रावले. मग उमगलं, आणि मला जे हसू आलं म्हणता! तीन आठवडे साडेचारला उठून माझं घड्याळ आपसूक पुढे सरकलं होतं. आता मी पाचलाच हिरवी होत होते. आणि सहाच्या आधी पट्टी लावायला कायद्यानं बंदी होती. म्हणजे दिवसातला पहिला एक तास कुणालाच दिसत नव्हता.

मी मॅडमना सगळं खरं सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही.

"घड्याळ परत मागं आणता येईल," त्या म्हणाल्या. "दिवा लावून बसावं लागेल. पण त्याची सक्ती नाही करता येत."

"दीड तास मी पुरता देईन, मॅडम. एक डाग सुटू देणार नाही. त्या तासाचा पगार कापा, माझी तक्रार नाही."

"कापला जाईल," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "साडेचारला उठायला रात्री किती वाजता झोपता?"

"कोंबड्यांबरोबर. साडेआठला."

"साडेआठ," त्यांनी लिहून घेतलं.

घरी आता सगळंच लवकर उरकतं. अभिनंदनही उठतो कधीकधी. परवा त्यानं एक पेला केला, तो टेबलावर न डुगडुगता उभा राहिला. तिघांनी त्याच्याभोवती फिरून पाहिलं. चाचांना यंत्राचा कान बसलाय. मी बोलते ते कळतं, पण मी दुकानात गेले की ते यंत्र काढून खिशात टाकतात आणि माझ्या हातांकडे बघत बसतात. नवी घोडी हातात असते.

पण मला सांगायचं होतं ते रजेनंतरच्या पहिल्या आठवड्यातलं. सव्वापाच वाजले होते. मी तंबोरा लावत होते, तेवढ्यात दारात नेत्रा उभी. डोळे चोळत ती माझ्या कपाळाकडे बघत होती. तिथं पट्टीही नव्हती आणि दिवाही नव्हता.

"आई, तू आत्ता कुठली आहेस?"

"हिरवी."

"कशावरून?"

"विचारून बघ ना. जूनपासून राहिलंय ते."

ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. बोटं एकमेकांत अडकवली, सोडवली.

"गाण्याच्या बाईंनी मला समूहगीतातून काढलं. म्हणाल्या, तुला सूर नाही. ते खरं आहे का, ते मला विचारायचं होतं. पण तू उगाच 'छान आहे' म्हणायचं नाही. नीट ऐकून खरं सांगायचं."

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. पाच महिने माझी पोर हे पोटात घेऊन फिरत होती, आणि मी छताच्या पंख्यासारखी तिच्यावर नुसती फिरत होते.

मी तारा छेडल्या. ती गायली. शाळेतलंच गाणं, पूर्ण, दोन्ही कडवी. मी तंबोरा वाजवत शेवटपर्यंत ऐकलं.

"गंधाराला उतरतेस," मी म्हणाले. "थोडीशी, पण दर वेळी. बाकी सूर आहे तुला."

मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. तिनं तंबोऱ्याला कान लावला आणि खर्जाच्या तारेतून येणारा तो न वाजवलेला सूर बराच वेळ शोधला. सापडल्यावर तिचे डोळे मोठे झाले.

"हा?"

"हाच."

"मग परत ऐक," नेत्रा म्हणाली.

मी परत ऐकलं.